कमी यंत्रांचं घर: जुना थिंकपॅड, साध्या फायली आणि रोजची कामं

लाल बिंदू

घरात यंत्रं कमी ठेवायची हे आम्ही दोघांनी ठरवलं त्याला आता बरीच वर्षं झाली. एक यंत्र आलं की मागोमाग त्याचा चार्जर येतो, अ‍ॅप येतं, अ‍ॅपचं खातं, खात्याचा पासवर्ड, आणि वर्ष भरलं की पैसे भरा म्हणून निरोप. वस्तूला जागा थोडी लागते, तिची उस्तवार मात्र दिवसभर पुरते. म्हणून विकत घेताना आम्ही एकच बघतो: बिघडली तर मला किंवा जवळच्या कारागिराला ती उघडता येईल का? दोघांनाही येणार नसेल तर शक्यतो घेत नाही.

सध्या एक लॅपटॉप, कपाटावर ठेवलेला रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला संगणक, दोघांचे दोन फोन आणि सेलवर चालणारा रेडिओ एवढ्यावर भागतं. टीव्ही नाही. स्वयंपाकघरातली यंत्रं यात धरलेली नाहीत.

लॅपटॉप म्हणजे थिंकपॅड एक्स२२०, २०११ चं मॉडेल. साडेबारा इंची पडदा, १३६६ बाय ७६८. आजच्या मानाने पडदा लहान आणि अंग जाड. पण कीबोर्ड जुन्या सात ओळींच्या घडणीचा, मधोमध कर्सर हलवायचा लाल बिंदू, म्हणजे ट्रॅकपॉइंट (या मंचावरचं माझं नाव त्यावरूनच), आणि लॅपटॉप पालथा केला की स्क्रूंशेजारी चिन्हं दिसतात. कुठल्या स्क्रूने कीबोर्ड सुटतो आणि कुठल्याने मेमरीचं झाकण, ते त्यावरून कळतं. कीबोर्ड बदलायचा तर बॅटरी काढायची, खूण असलेले स्क्रू सोडायचे, कीबोर्ड बोटांनी पडद्याच्या दिशेने किंचित सरकवायचा. पुढची कड आपोआप वर येते. खालची रिबन अलगद उचलली की काम झालं. हे करताना सातवीतला भाचा शेजारी बसलेला असतो आणि पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात असतो. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त आनंद त्याचा होतो.

त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. लिहिणं, वाचणं, मेल, हिशेब, फोटो निवडणं, सगळं सुखाने चालतं. व्हिडिओची मर्यादा मात्र खरी आहे. या पिढीचा प्रोसेसर एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरमधून उलगडतो, यूट्यूबवर सर्रास असतो तो व्हीपी९ प्रकार त्याला तसा उलगडता येत नाही. तेव्हा यूट्यूब लावलं की सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा जोरात फिरू लागतो. ब्राउझरमध्ये एच.२६४ चाच आग्रह धरणारं एक्स्टेंशन टाकलं की बराच फरक पडतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे धडधाकट असलेली कितीतरी मशीन केवळ या अटीमुळे भंगारात निघणार. ज्यांच्या घरी असा लॅपटॉप पडून आहे त्यांनी तो देण्याआधी एकदा लिनक्स टाकून बघावं, ही माझी मनापासूनची विनंती.

आता फायली. माझं सगळं लिखाण साध्या टेक्स्ट फायलींमध्ये असतं, युनिकोड मराठीत. रोजनिशी, पाककृती, विम्याच्या तारखा, घरातल्या वस्तू कधी घेतल्या आणि कुणाकडून दुरुस्त केल्या त्याची वही. हिशेबही तसाच, लेजर पद्धतीने. ही पद्धत म्हणजे टेक्स्ट फायलीत लिहिलेलं दुहेरी नोंदीचं खतावणीपुस्तक. खात्यांची नावं चक्क मराठीत ठेवता येतात: खर्च, घर, भाजी, अशी अपूर्णविरामाने (:) जोडलेली साखळी. खात्याचं नाव आणि रक्कम यांच्यामध्ये किमान दोन स्पेस लागतात, कारण नावातच एक स्पेस असू शकते. एवढं सांभाळलं की महिन्याअखेर एका आज्ञेत दूध किती, रिक्षा किती, औषधं किती ते समोर येतं. वडील बँकेत होते. त्यांना मोबाइलवरची रंगीत वर्तुळं कधी पटली नाहीत, ही खतावणी मात्र त्यांनी पहिल्याच बैठकीत वाचली आणि एक जमा चुकीच्या खात्यात पडली होती तीही दाखवली.

बातम्या आणि ब्लॉग आरएसएसवर वाचतो, म्हणजे निवडलेल्या साइटींचं नवीन लिखाण एका यादीत (फीडमध्ये) आपोआप येतं. गूगल रीडर हा आरएसएस वाचक १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा अनेकांना आरएसएस संपलं असं वाटलं, पण बहुतेक ब्लॉगांचे फीड आजही चालू आहेत. मी लिफेरिया हा वाचक वापरतो. संध्याकाळी एकदा उघडायचं, नवीन असेल ते वाचायचं, संपलं की बंद. यादीला तळ असतो हे मला फार मोलाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र मनासारखी होत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मराठी तुटतं. वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं सुटी, कर्सर शब्दाच्या मध्येच कुठेतरी. यावर कुणी काही केलं असेल तर जरूर लिहा. आणि तुमच्या घरची व्यवस्थाही सांगा.

पेठेतला

वाचनखूण साठवली. लिहिलंत ते छानच, खरेदीबद्दल थोडी भर घालतो, कारण आता लोक उठून शोधायला लागतील.

पुण्यात असाल तर जुन्या बाजारात हौस म्हणून फिरा, पण लॅपटॉप तिथून उचलू नका. सुट्या भागांसाठी, वायरी-कनेक्टरसाठी तपकीर गल्ली आणि बुधवार पेठ. मुंबईत लॅमिंग्टन रोड. ऑफिसांमधून भाडेकरार संपून बाहेर पडलेली मशीन विकणारे दुकानदार वेगळे असतात, त्यांच्याकडे एकाच मॉडेलचे ढीग असतात. त्यातलं एक मशीन उघडून दाखवायला तयार असेल तोच दुकानदार चांगला.

एक्स२२० घेणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एसएसडी सात मिलिमीटर जाडीची घ्या, साडेनऊची आत जाणार नाही. मेमरी डीडीआर३ च्या दोन खाचा आहेत. कंपनीच्या कागदावर ८ जीबी लिहिलंय, १६ व्यवस्थित चालते. तिसरी गोष्ट वायफाय कार्डाची. मूळ बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालणाऱ्या कार्डांची यादीच असते, यादीबाहेरचं कार्ड बसवलं तर मशीन सुरू व्हायला नकार देतं. तेव्हा आधी नंबर बघा, मग पैसे द्या. बॅटरीच्या बाबतीत एक्स२२० सोशिक आहे, त्याच्या पुढच्या एक्स२३० पासून मात्र बाहेरच्या कंपनीच्या बॅटऱ्या ओळखून चार्जिंग नाकारण्याची व्यवस्था आली. केवळ या एका कारणासाठी मी अजून जुन्या पिढीवर आहे.

फॉन्टवेडी

लाल बिंदू, टर्मिनलचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. सविस्तर लिहिते.

टर्मिनल मुळात टेलिटाइपचं, म्हणजे तारेवरून मजकूर छापणाऱ्या टंकयंत्राचं, वारसदार. पडदा म्हणजे चौकटींचा तक्ता, एका घरात एक अक्षर. इंग्रजीला ते चालून जातं. आपलं "क्षि" घ्या. युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार संकेतांक आहेत. दिसायला अक्षर एक. त्यात वेलांटी साठवली जाते शेवटी आणि काढायची असते सगळ्यांच्या आधी. हे काम करणारा भाग म्हणजे शेपिंग इंजिन; ते फॉन्टमधले नियम वाचून जोडाक्षर घडवतं. बहुतेक टर्मिनल हे इंजिन वापरत नाहीत किंवा अर्धवट वापरतात. त्यात भर म्हणजे कुठलं चिन्ह किती घरं व्यापणार याचा हिशेब आतला प्रोग्रॅम एक करतो आणि टर्मिनल दुसरा. दोघांचा मेळ बसला नाही की कर्सर भरकटतो. तुमचं सेटिंग चुकलेलं नाही, घडणच तशी आहे.

उपाय दोन. टर्मिनलच हवं असेल तर एमएलटर्म वापरून बघा, बहुभाषिक लिपींसाठीच बनवलेलं आहे आणि भारतीय लिपींचा विचार त्यात केलेला आहे. पण माझा खरा सल्ला असा की मराठी लिखाण टर्मिनलबाहेर करा. ईमॅक्स या संपादकाच्या ग्राफिकल रूपात आवृत्ती २७ पासून, म्हणजे २०२० पासून, हार्फबझ हे शेपिंग इंजिन आलं आणि तेव्हापासून मराठी झकास दिसतं. ईमॅक्स शिकायचा नसेल तर एक्सएफसीईचा माउसपॅड हा संपादक पुरे. साधा, हलका, आणि पँगो या मजकूर मांडणाऱ्या भागाच्या जोरावर एकही जोडाक्षर मोडत नाही. विम या दुसऱ्या संपादकाचं ग्राफिकल रूप मात्र चौकटींच्या तक्त्यावरच चालतं, तिथे तोच त्रास होईल.

अजून एक. सिस्टिमची भाषा मराठी ठेवलीत, म्हणजे लोकेल एमआर-आयएन, तर नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमधले मराठी वळणाचे ल आणि श आपोआप येतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. पुष्कळ मराठी माणसं वर्षानुवर्षं हिंदी ल-श बघत वाचतात आणि काहीतरी खटकतंय एवढंच जाणवतं. वेबपान बनवत असाल तर पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगा, तिथेही तोच फरक पडतो.

फायलींची नावं मराठीत ठेवणाऱ्यांसाठी: युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल नंतर आणि व च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे निव्वळ संकेतांकांवर लावलेला क्रम आणि शब्दकोशाचा क्रम जुळत नाही. मी सूची करताना फायलींच्या नावाआधी आकडे घालते.

टायपिंगला इन्स्क्रिप्ट हा कळफलकच शिका, लिनक्समध्ये काहीही न बसवता मिळतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. "दऱ्या"मधला ऱ जे च्या कळीवर शिफ्टसह, मग डी वर हलन्त, मग य. दोन-तीन आठवड्यांत हात बसतो आणि मग रोमन अक्षरांत मराठीचा विचार करावा लागत नाही.

लाल बिंदू

फॉन्टवेडी ताई, मनःपूर्वक आभार. माउसपॅड माझ्या मशीनवर आधीपासून आहेच. लोकेलही आजच बदलतो.

तुमच्या प्रतिसादावरून आठवलं म्हणून लिहितो, साध्या फायलींचा माझा हट्ट कुठून आला ते. वडिलांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या गावच्या आठवणी संगणकावर टाइप केल्या होत्या. तेव्हा युनिकोड घराघरात नव्हतं. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. त्याआधी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. आतमध्ये साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा द्यायचा. फॉन्ट हरवला की उरतात स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हं. वडिलांच्या फायली बरोबर तशाच झाल्या होत्या. शेवटी फॉन्टचं नाव त्या फायलीतूनच शोधलं, रूपांतर करणारी एक स्क्रिप्ट मिळाली, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या हाताने नीट केल्या. आता त्या युनिकोड टेक्स्टमध्ये आहेत. अशा फायली अनेकांच्या घरी सीडींवर असतील. सीडी वाचता येतात तोवर त्या काढून घ्या. हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

सांजवेळ

धागा आवडला, पण एक वाक्य अडलं. "स्वयंपाकघरातली यंत्रं यात धरलेली नाहीत." का नाहीत? घरातलं सगळ्यात जास्त राबणारं यंत्र तिथेच असतं. कमी वस्तूंच्या गप्पा बहुतेक वेळा लॅपटॉप आणि फोनभोवती फिरतात आणि मिक्सर, कुकर, धुण्याचं यंत्र हिशेबाबाहेर राहतं. मग घरात एक मिक्सर कमी केला तर त्याचं वाटण कुणाच्या हातावर येणार, हा प्रश्नही बाहेरच राहतो.

दुसरं असं की आमच्या आईकडे वस्तू कमी होत्या त्या नाइलाजाने. ती माळ्यावर पत्र्याचे रिकामे डबे, दोऱ्या, मोडलेल्या छत्रीच्या काड्या ठेवायची, कारण पुन्हा विकत घेता येईल याची खात्री नव्हती. आज आपण "लागलं तर मागवू" म्हणून वस्तू काढून टाकतो, ते खिशात पैसे आहेत म्हणून. हा फरक बोलून दाखवला पाहिजे असं मला वाटतं.

लाल बिंदू

सांजवेळ ताई, दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, आणि मिक्सरच्या बाबतीत मी तुमच्या बाजूचा आहे. आमच्याकडे धुण्याचं यंत्र आहे, मिक्सर आहे, आणि त्यांच्यावर कात्री लावण्याचा विचारही नाही. ज्या यंत्राने माणसाचे कष्ट वाचतात ते घरात हवंच. मी कमी केली ती लक्ष मागणारी यंत्रं. आमच्या धुण्याच्या यंत्राने मला कधी स्वतःहून निरोप पाठवलेला नाही.

आणि खरं सांगायचं तर उघडता येणाऱ्या यंत्राचं उत्तम उदाहरण मिक्सरच आहे. कार्बन ब्रश झिजले, कपलर गेला, जारचं बुश ढिलं झालं, प्रत्येक भाग वेगळा मिळतो आणि कोपऱ्यावरचा माणूस समोर बसवून देतो.

दुसऱ्या मुद्द्यावर: तुमच्या आईंची रीत आणि माझी रीत यात मला विरोध दिसत नाही. त्या वस्तू टाकत नव्हत्या, मीही जुना लॅपटॉप टाकत नाही. "काढून टाका आणि हवं तेव्हा मागवा" या पद्धतीला मी कमी वस्तूंचं राहणं मानतच नाही, तो सगळा पसारा गोदामात आणि कचराडेपोत असतोच.

सांजवेळ

हे पटलं. मिक्सरचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे आईचा सुमीत अजून चालू आहे. सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरने साठच्या दशकात आपल्याकडची ओली-सुकी वाटणं डोळ्यासमोर ठेवून तो बनवला, कारण परदेशी ब्लेंडरच्या मोटारी डाळीच्या वाटणाने जळायच्या. आईचा सुमीत उघडला तर आत चार गोष्टी दिसतात आणि त्या चारही कळतात. मोटारीचं वाइंडिंग एकदा नव्याने भरून घेतलंय. आता वाइंडिंग भरणारे कारागीर कमी होत चाललेत याची मात्र काळजी वाटते. यंत्र उघडता येऊन उपयोग काय, उघडणारा हात हवा. लाल बिंदू, तुम्ही भाच्याबद्दल लिहिलंत ते म्हणून जास्त आवडलं.

कोकणकडा

आमच्याकडे कमी यंत्रांचा धडा वादळाने दिला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद. वीज परत यायला खूप दिवस गेले. त्या काळात इंटरनेटवर अवलंबून असलेली प्रत्येक वस्तू निकामी होती. सेलवरचा रेडिओ तेवढा चालू होता, आकाशवाणीच्या बातम्यांसाठी अंगणात माणसं जमायची. पोफळी पडल्या होत्या, माडांचे शेंडे मोडले होते, कुणाचं काय झालं ते कळायला दुसरा मार्ग नव्हता.

तेव्हापासून मी घरात "इंटरनेट नसेल तर काय चालेल" याचा विचार करून ठेवलाय. रास्पबेरी पायवर किविक्स हे इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर टाकून त्यावर मराठी विकिपीडिया उतरवून ठेवलाय. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट शंभर जीबीच्या आसपास जातो, मराठी त्या मानाने अगदीच आटोपशीर आहे. घरातल्या वायफायवरून, बाहेरचं नेट नसताना, मुलं फोनवर तो वाचतात. सौर पॅनेल, एक बॅटरी आणि पाय, एवढ्यावर चालतं, कारण पाय जेमतेम काही वॉट वीज खातो.

एक सूचना. पाय एसडी कार्डावर चालवत असाल आणि तुमच्याकडे वीज येत-जात असेल तर कार्ड लवकर मरतं. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते, शिवाय सततच्या लिखाणाने कार्ड झिजतं. थ्री बी प्लस आणि त्यापुढचे पाय यूएसबीवरून सुरू होतात. लहानशी एसएसडी लावा, कार्ड काढून ठेवा.

नवशिक्या

सगळं वाचून काढलं. माझा प्रश्न फोनचा आहे. मला स्मार्टफोन सोडून बटणांचा फोन घ्यायचा आहे. पण भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळं यूपीआयवर. बटणांच्या फोनवर हे जमतं का? कुणी केलंय?

पेठेतला

मी करतो. दोन रस्ते आहेत. जुना रस्ता तारांकित नव्याण्णव हॅशचा (*99#), त्यात मेनू येतो, आकडे दाबत जायचं. दुसरा यूपीआय १२३पे, रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केलेला, खास साध्या फोनसाठी. त्यात एका नंबरवर फोन करून आवाजी सूचनांप्रमाणे पैसे पाठवता येतात, मिस्ड कॉलची पद्धत आहे, काही फोनमध्ये अ‍ॅप असतं, आणि आवाजाच्या लहरींवर चालणारी एक पद्धत आहे. एका व्यवहाराची मर्यादा आधी पाच हजार होती, ती दहा हजार केली आहे. ४जी चे स्वस्त बटणांचे फोनही आले आहेत ज्यांत यूपीआय आत बसवलेलं असतं. सिम कुठलं आहे ते आधी बघा. जिओला २जी नाहीच, तेव्हा जुना २जी हँडसेट त्यावर चालणार नाही.

वेळ मात्र लागतो. मागे रांग असताना मी रोख देतो. खिशात सुटे पैसे ठेवायची सवय परत लावून घ्यावी लागली आणि ती चांगलीच सवय आहे.

आणि मराठीत एसएमएस लिहिणार असाल तर लक्षात ठेवा, इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, युनिकोडमध्ये ७०. वेलांट्या-काने त्यात वेगळे मोजले जातात.

लाल बिंदू

नवशिक्या, आमच्या घरी आम्ही स्मार्टफोन ठेवला आहे, कारण बायकोच्या कामाचे सगळे निरोप त्यावर येतात आणि आईच्या औषधांचं व्हिडिओवर बोलणं होतं. फोन पूर्ण सोडायची सक्ती स्वतःवर करू नका. मी एवढंच केलं: पडदा करडा ठेवला, फोन आणि मेसेज सोडून सगळ्या सूचना बंद, फोनची जागा दाराजवळच्या फळीवर. पर्यायी अँड्रॉइड टाकण्याचा विचार असेल तर आधी तुमच्या बँकेचं अ‍ॅप त्यावर चालतं का ते बघा. प्रमाणित नसलेल्या सिस्टिमवर बरीच बँक अ‍ॅप्स उघडत नाहीत. ज्याच्यावर पगार येतो त्या खात्याशी प्रयोग करू नयेत.

सातासमुद्रापार

जर्मनीतून वाचतोय. इथे ऑफिसातून निघालेले थिंकपॅड तपासून, श्रेणी लावून, हमीसह विकणारी दुकानं पुष्कळ आहेत, आणि विद्यार्थी सर्रास तेच घेतात. जुनं घेण्यात कमीपणा वाटत नाही, ही गोष्ट मला आपल्याकडे यावीशी वाटते. भारतात ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. कंपन्यांनी दुरुस्तीची पुस्तिका उघड करणं आणि सुटे भाग विकणं, हे दोन्ही प्रत्यक्षात झालं तर पेठेतल्या कारागिरांना केवढं बळ मिळेल! पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

आडवाट

माझी मुलगी अकरावीत आहे, तिला लॅपटॉप हवाय. नवा परवडणार नाही असं नाही, पण हा धागा वाचून जुना घ्यावा असं वाटू लागलंय. तिला कॉलेजमधल्या कामासाठी कधीतरी विंडोज लागेल. एक्स२२० देऊ का?

लाल बिंदू

आडवाट ताई, तिच्यासाठी एक्स२२० नको. तो हौशी माणसाला ठीक आहे. विंडोज ११ लागणार असेल तर आठव्या पिढीच्या मागे जाता येत नाही. थिंकपॅड टी४८० बघा, २०१८ चं मॉडेल, चौदा इंची. मेमरीच्या दोन खाचा, एक बॅटरी आत आणि एक बाहेर. आतली चालू असतानाच बाहेरची बदलता येते.

दुकानात गेल्यावर सुरू करताना एफ१ दाबून बायॉस उघडा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर ते मशीन घेऊ नका, ऑफिसने कुलूप लावून सोडलेलं असतं आणि ते सहज निघत नाही. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी बघा; यूपॉवर ही आज्ञा दोन्ही आकडे देते. निम्म्याच्या खाली गेली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. यूएसबी-सी च्या दोन्ही खाचांत चार्जर लावून बघा, आणि त्यातल्या थंडरबोल्ट (वेगवान जोडणीच्या) खाचेचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केलंय का ते विचारा. या मॉडेलमध्ये जुन्या फर्मवेअरमुळे ती खाच बंद पडते. पडदा पांढरा करून डाग बघा, प्रत्येक कळ दाबून बघा, बिजागऱ्या हलवून बघा.

मुलीला बरोबर न्या. तपासणी तिलाच करू दे. पुण्यात येणार असाल तर आधी माझ्या विचारपुशीत निरोप ठेवा, एखाद्या शनिवारी पेठेतला आणि मी दोघं तुमच्याबरोबर येऊ शकतो.

पेठेतला

येतो. शनिवारी सकाळी अकराच्या आत या, नंतर गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. पेनड्राइव्ह मी आणतो.